मंडळाचं स्वतःचं ॲप

विलायतेतल्या मराठी मंडळाच्या बैठकीत तीन गोष्टी हमखास निघतात. गेल्या वर्षी मसालेभातात मीठ कमी होतं, हॉलवाल्याने अनामत रक्कम अजून परत केलेली नाही, आणि आपलं स्वतःचं ॲप हवं. पहिल्या दोहोंवर इलाज नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे त्या पाच मिनिटांत आटोपतात. तिसऱ्या गोष्टीवर इलाज आहे असं वाटतं, आणि मग चहा तीनदा होतो.

आमचं मंडळ लंडनच्या पश्चिमेला, एम-फोर मोटरवेच्या दोन्ही अंगांनी पसरलेलं आहे. स्लावपासून स्विंडनपर्यंत कुठल्याही फाट्याला उतरा, कढीपत्त्याची कुंडी खिडकीत जगवणारं एखादं तरी घर सापडेलच. सभासदांत तीन डॉक्टर, एक दंतवैद्य, बँकेतून निवृत्त झालेले अध्यक्ष, आणि बाकी सगळे संगणकावर पोट भरणारे. काही कोडिंग करतात, काही टेस्टिंग करतात, आणि उरलेले बहुसंख्य या दोघांच्या बैठका लावतात. इतके तज्ज्ञ एका छताखाली असल्यामुळे आमचा प्रोजेक्टर कुठल्याही कार्यक्रमात वेळेवर लागलेला नाही. एका केबलीभोवती चौदा आर्किटेक्ट उभे राहिले, तर ती बिचारी कुठल्या भोकात शिरणार?

मीही याच धंद्यातला. नक्की काय करतो हे आईला आजवर समजावून सांगता आलेलं नाही, आणि अलीकडे साहेबाला सांगतानाही अडखळायला होतं.

तर गणेशोत्सवाच्या तयारीची बैठक होती. अध्यक्षांनी आपला फोन टेबलाच्या मधोमध ठेवला.

‘परवा लेस्टरला गेलो होतो. तिथल्या एका देवळाचं स्वतःचं ॲप आहे.’

‘काय आहे त्यात?’ खजिनदारांनी विचारलं.

‘आरतीच्या वेळा.’

‘आणि?’

‘आणि आयकॉन आहे. कळसाचा. फोनवर.’

‘आपली वेबसाइट आहे की,’ सचिववहिनी म्हणाल्या.

‘वेबसाइट काय, कोणाचीही असते,’ अध्यक्ष म्हणाले. ‘आमच्या खिडक्या पुसणाऱ्याचीसुद्धा आहे.’

आमच्या वेबसाइटची बाजू घेणं तसं अवघड होतं. तिच्यावर अजून २०१९ च्या कोजागिरीची नोंदणी चालू आहे, आणि कोपऱ्यात एक पणती अखंड गरगर फिरते. ती थांबवायची कशी हे ज्याला माहीत होतं, त्याने टोरांटोला नोकरी धरली.

सचिववहिनी मात्र हार मानणाऱ्यांतल्या नव्हेत. त्या लंडनमध्ये सरकारी कंत्राटांवर काम करतात, त्यामुळे ब्रिटिश सरकारवर कोणी टीका केली की त्यांना माहेरावर केल्यासारखी लागते. त्यांनी इतिहास काढला. २०११ मध्ये सरकारने गव्हर्नमेंट डिजिटल सर्व्हिस नावाचं खातं काढलं. २०१२ च्या ऑक्टोबरात गव्ह डॉट यूके हे एकच संकेतस्थळ उघडलं, आणि शेकडो सरकारी संकेतस्थळं हळूहळू त्याच्या पोटात गेली. पुढच्या वर्षी लंडनच्या डिझाइन म्युझियमने त्याला वर्षातलं सर्वोत्तम डिझाइन ठरवलं. एरवी तिथे खुर्च्या आणि इमारती नावाजल्या जातात. आणि त्याच २०१३ मध्ये या खात्याने सगळ्या मंत्रालयांना ठणकावून सांगितलं की ऊठसूट ॲप काढायचं नाही. आयफोनला वेगळं, अँड्रॉइडला वेगळं, दरवर्षी दोन्हींची डागडुजी, हे पैसे कोण भरणार? एक वेबसाइट धड बनवा, ती लहानमोठ्या सगळ्या पडद्यांवर चालू द्या. ॲप हवंच असेल, तर आधी खास परवानगी मागायला या.

‘बघा,’ वहिनी म्हणाल्या, ‘सरकारला जे परवडत नाही ते आपल्याला परवडणार?’

अध्यक्षांनी शांतपणे फोन उचलला, दोनदा सरकवला आणि सगळ्यांना दिसेल असा धरला. ‘मग हे काय आहे?’

ते गव्ह डॉट यूकेचं ॲप होतं. २०२५ च्या जुलैत सरकारने ते चाचणीसाठी सर्वांना खुलं केलं. बारा वर्षं नको नको म्हणून झाल्यावर.

‘शेवटी सरकारलाही आयकॉन हवासा वाटला,’ अध्यक्ष म्हणाले. बैठकीचा पहिला चहा इथे झाला.

चहानंतर दोन तट पडले. मराठी माणसाला तट पडल्याशिवाय कामात रंग भरत नाही. एका बाजूला वेबवाले, दुसऱ्या बाजूला ॲपवाले. मधल्या खुर्चीत आमचे ज्येष्ठ सभासद, ज्यांना सगळे जावाकाका म्हणतात. ते गेल्या शतकाच्या शेवटी, संगणकाला दोन हजार साल कसं झेपेल या काळजीवर उपाय करायला इकडे आले. उपाय झाला, काका राहिले.

‘हा प्रश्न सुटलेला आहे,’ जावाकाका म्हणाले. ‘१९९५ सालीच सुटला. सन मायक्रोसिस्टिम्सने जावा ही संगणकाची भाषा आणली तेव्हा घोषणाच होती, एकदा लिहा, कुठेही चालवा.’

‘चालायचं का कुठेही?’

‘लिहायचो एकदा,’ काका म्हणाले. ‘मग प्रत्येक ठिकाणी जाऊन ते का चालत नाही ते बघायचो. त्या प्रवासभत्त्यावर घराचं डिपॉझिट उभं राहिलं.’

काकांचा दुसरा आवडता किस्सा बीबीसीचा. २००७ च्या जुलैत बीबीसीने आयप्लेअर आणला, म्हणजे टीव्हीवरचा चुकलेला कार्यक्रम नंतर संगणकावर बघायची सोय. ती होती डाउनलोड करून बसवायच्या सॉफ्टवेअरची, आणि ते चालायचं फक्त विंडोज एक्सपीवर. काकांच्या घरी मॅक. टीव्हीची लायसन्स फी मात्र सगळ्यांकडून सारखीच वसूल होते, मॅकवाल्याला सूट नाही. हजारो लोकांनी डाउनिंग स्ट्रीटच्या संकेतस्थळावर तक्रार-अर्जावर सह्या केल्या, त्यात काकाही होते. त्याच वर्षी डिसेंबरात आयप्लेअर थेट ब्राउझरमध्ये दिसायला लागला, मॅकवर, लिनक्सवर, सगळीकडे. लोक डाउनलोड विसरून गेले. तेव्हापासून ‘मी पंतप्रधानांना लिहिलं आणि त्यांनी ऐकलं’ असं काका सांगतात. त्यांच्या मते गॉर्डन ब्राउन हे या देशाचे शेवटचे कामसू पंतप्रधान.

‘म्हणजे तुम्ही वेबवाले?’ वहिनींनी आशेने विचारलं.

‘छे. वेबवर बटणं दाबल्यासारखी वाटत नाहीत.’

मग सगळ्यांच्या नजरा आमच्या तरुण जोडप्याकडे वळल्या. तो आयफोनची ॲप लिहितो, ती अँड्रॉइडची. पत्रिका कोणी जुळवली होती कोण जाणे. घरात चार्जरसुद्धा बरीच वर्षं दोन प्रकारचे होते.

‘तुला किती वेळ लागेल रे?’ अध्यक्षांनी त्याला विचारलं.

‘सहा महिने.’

‘आणि तुला गं?’

‘सहा महिने.’

‘म्हणजे दोघांनी मिळून तीन!’

‘नाही काका, दोन वेगळी ॲप. बारा.’

‘दोघांनी एकमेकांना विचारून करायचं असेल तर अठरा,’ ती म्हणाली. त्याने मान डोलावली. संध्याकाळभरात त्यांचं एकमत झालेला तो एकच मुद्दा.

दंतवैद्यांनी सुचवलं की वेबसाइटलाच वरून ॲपचा अंगरखा चढवू, आत तेच पान. या माणसाचा आयुष्यात संगणकाशी संबंध आला तो भेटीच्या वेळा लिहिण्यापुरता, पण बैठकीतली सगळ्यात शहाणी सूचना त्यांची होती. तिचंही काही झालं नाही. आयफोनवाल्या मुलाने ॲपलची नियमावली वाचून दाखवली. नुसती वेबसाइट गुंडाळून आणली तर दुकानात ठेवून घेत नाहीत, त्यात ॲपपणाचं स्वतःचं काहीतरी हवं.

हे ऐकल्याबरोबर कल्पनांना पूर आला. पंचांग घाला. वधू-वर सूचक घाला. पूजेला बसताना पूर्व कुठे आहे ते दाखवणारं होकायंत्र घाला, कारण इथल्या आकाशात सूर्यावर विसंबता येत नाही. फोन हलवला की टाळ वाजले पाहिजेत. प्रदक्षिणा मोजणारं काहीतरी घाला. एका डॉक्टरांनी मोदकांच्या उष्मांकांचा तक्ता सुचवला, त्यांना सगळ्यांनी मिळून गप्प केलं. ‘यातलं बरंचसं वेबवरही होतं,’ असं वहिनी मधूनमधून म्हणत होत्या, पण तोवर अर्धी बैठक फोन हलवून बघण्यात गुंतली होती.

खजिनदारांनी चष्मा लावला. हे गृहस्थ डोंबिवलीचे. मंडळाच्या पैशातला पेनी खर्च करताना त्यांना स्वतःचा दात काढल्यासारखं होतं.

‘दुकानाचं भाडं किती?’

‘गूगलला एकदाच २५ डॉलर. ॲपलला वर्षाला ९९.’

‘दरवर्षी? काही विकलं नाही तरी?’

‘दरवर्षी. सेवाभावी संस्थांना माफीची सोय आहे, पण अर्ज करावा लागतो. आणि संस्थेच्या नावाने खातं उघडायचं तर आधी डी-यू-एन-एस क्रमांक हवा.’

‘तो कशाला?’

‘आपण खरोखर अस्तित्वात आहोत हे सिद्ध करायला.’

हा प्रश्न मंडळात आजवर कोणी उघडपणे विचारला नव्हता. जरा वेळ शांतता पसरली.

तेवढ्यात कोणीतरी फायनॅन्शियल टाइम्सची गोष्ट काढली. लंडनच्या या गुलाबी वर्तमानपत्राने २०११ च्या जूनमध्ये ब्राउझरमध्ये चालणारी स्वतःची आवृत्ती काढली, आणि ऑगस्टमध्ये त्यांचं ॲप ॲपलच्या दुकानातून उठलं. भांडण वर्गणीचं. ॲपमधून वर्गणी घेतली तर तीस टक्के दुकानदाराचे, आणि वर्गणीदार कोण आहेत याची माहितीही धड मिळायची नाही.

‘तीस टक्के!’ खजिनदार उभेच राहिले. ‘म्हणजे कोणी पाचशे एक पौंड देणगी दिली तर दीडशे पौंड त्यांचे?’

आम्हाला पाचशे एक पौंड देणगी देणारा अजून जन्माला यायचा आहे, आणि हॉलमधल्या जेवणाच्या पैशांना तो तीस टक्क्यांचा नियम लागतही नाही. हे वहिनींनी सांगितलं, पण खजिनदारांच्या कानांपर्यंत ते पोचलं नाही. त्या क्षणापासून ते कट्टर वेबवाले झाले.

एक गंमत मी तेव्हा लक्ष देऊन ऐकली. दोन्ही तटांतला प्रत्येक जण एकच वाक्य बोलत होता: ‘सगळ्यांच्या फोनवर चाललं पाहिजे.’ अध्यक्षांच्या तोंडी ‘सगळे’ म्हणजे अध्यक्षांचा फोन, जो त्यांच्या लेकीने जुना झाला म्हणून त्यांना दिला होता. जावाकाकांचे ‘सगळे’ म्हणजे मॅक. खजिनदारांचा फोन बटणांचा होता आणि त्यांना त्यावर एसएमएस हवा होता. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या आज्यांचे ‘सगळे’ म्हणजे भारतातलं सिम. माझ्या मनातही हळूच माझाच फोन होता, ज्यात नवीन काही बसवायला जागा नाही, कारण लोकांनी पाठवलेल्या सुप्रभाताच्या फुलांनी तो भरला आहे.

पण आम्ही तरी कोण लागून गेलो. हा घोळ याच देशात मोठमोठ्यांनी घातलेला आहे. कोविडच्या साथीत, २०२० च्या मे महिन्यात, सरकारने संपर्क शोधणारं स्वतःचं ॲप आइल ऑफ वाइट या बेटावर आजमावून पाहिलं. शेजारी कोण बसलं होतं ते फोनने ब्लूटूथवर ओळखायचं, अशी कल्पना. चाचणीत अँड्रॉइड फोन शंभरातले पंचाहत्तर ओळखू आले. आयफोन शंभरातले चार. खिशात गेला की आयफोन झोपी जायचा आणि त्याला शेजाऱ्याची शुद्ध राहायची नाही. जून महिन्यात ते ॲप गुंडाळलं, आणि ॲपल-गूगलने आखून दिलेल्या वाटेने नवीन ॲप सप्टेंबरात आलं. त्याच्या आदल्याच वर्षी, ब्रेक्झिटनंतर इथे राहू इच्छिणाऱ्या युरोपियनांना गृहखात्याने पासपोर्टची चिप फोनने वाचायला सांगितली, तर ते ॲप फक्त अँड्रॉइडवर होतं. आयफोनवाल्यांना सल्ला काय, तर कोणाचा तरी अँड्रॉइड उसना घ्या. आयफोनची आवृत्ती ऑक्टोबरात उगवली. पॅरिसहून येऊन वीस वर्षं केन्सिंग्टनमध्ये राहिलेला माणूस शेजाऱ्याच्या दारात उभा राहून वाटीभर साखरेऐवजी फोन मागतोय, हे चित्र मला फार आवडतं.

‘महत्त्वाच्या गोष्टी ॲपमध्येच असतात,’ अध्यक्षांनी शेवटचा बाण काढला.

‘आपला इथे राहायचा हक्क वेबसाइटवर आहे,’ वहिनी म्हणाल्या.

खोली एकदम गंभीर झाली. कारण ते खरंच होतं. परवान्याची प्लॅस्टिकची कार्डं २०२४ अखेर संपली आणि त्यांच्या जागी ई-व्हिसा आला. तो कागद नाही, कार्ड नाही, सरकारी संकेतस्थळावरचं एक खातं आहे. कोणाला दाखवायचा तर खात्यात शिरून एक कोड काढून द्यायचा. माझ्या आईला हे अजून पटलेलं नाही. मुंबईला निघताना ती विचारते, ‘व्हिसा घेतलास ना?’ मी म्हणतो, ‘ब्राउझरमध्ये आहे.’ ती म्हणते, ‘मग आठवणीने बॅगेत घाल.’

‘पण ते खातं उघडताना पासपोर्ट स्कॅन करायला ॲप लागलंच होतं की नाही?’ अध्यक्ष म्हणाले.

लागलं होतं. बैठकीचा तिसरा चहा करायला मी उठलो. परत आलो तेव्हा तांत्रिक उपसमिती स्थापन झाली होती आणि मी तिचा निमंत्रक होतो.

उपसमितीने तोडगा काढला. म्हणजे सचिववहिनींनी काढला आणि मी तो इतिवृत्तात लिहिला. वेबसाइटच बनवायची, पण अशी की ती फोनच्या मुख्य पडद्यावर आयकॉन होऊन बसेल, नेटवर्क नसताना उघडेल आणि निरोपही पाठवेल. अशा पानांना २०१५ पासून प्रोग्रेसिव्ह वेब ॲप म्हणतात. आयफोननेही २०२३ पासून त्यांना निरोप पाठवायची मुभा दिली आहे. मी हे सगळं अध्यक्षांना समजावून सांगायची तयारी करून गेलो होतो. त्यांनी मधेच थांबवलं.

‘नावात ॲप आहे ना?’

‘आहे.’

‘झालं तर मग.’

खरं तर फोनची सुरुवातच अशी झाली होती. २००७ मध्ये पहिला आयफोन आला तेव्हा स्टीव्ह जॉब्सने बाहेरच्या प्रोग्रामरांना हेच सांगितलं होतं, की ॲप कसली मागता, वेबवर लिहा. पुढच्याच वर्षी ॲपलने ॲपचं दुकान उघडलं. जग एकीकडून दुसरीकडे गेलं, आणि आमचं मंडळ उलट्या प्रदक्षिणेला निघालं.

तरुण जोडपं कामाला लागलं. लग्नानंतर प्रथमच दोघं एका भाषेत लिहीत होते, त्यामुळे भांडणं वाढली, पण निदान विषय समान झाला. सर्वांत जास्त वेळ गेला तो आयकॉनमध्ये. सोंड उजवी की डावी यावर पुण्याकडच्यांचं आणि कोकणातल्यांचं दोन आठवडे चाललं. उजव्या सोंडेचा कडक, त्याचं सोवळं सांभाळावं लागतं. असा गणपती फोनवर ठेवून तो फोन माणसं कुठे कुठे नेतात हे कोणी बघितलंय? म्हणून डावी सोंड ठरली. मग कळलं की काही फोन आयकॉन गोल कापतात, काही फोन कोपरे वळवतात. गोलात कान गेले. चौकोनात मोदक अर्धा. शेवटी गणपतीला आणखी लहान केलं, इतकं की जावाकाकांना ते जास्वंदीचं फूल वाटलं. त्यांनी नमस्कार केला, तोही पोचला असेल.

मग ते लोकांच्या फोनवर बसवायचं काम आलं. दुकानातून घ्यायचं असतं तर लोकांना सवयीने जमलं असतं. वेबच्या पानाला आयफोनच्या मुख्य पडद्यावर आणायचं तर आधी ‘शेअर’चं बटण दाबावं लागतं. हे कोणी ठरवलं ते मला माहीत नाही, पण त्याला आजी नसावी. मी एका आजींच्या शेजारी बसून सांगत होतो.

‘तो चौकोन दिसतोय? त्यातून बाण वर निघालाय. तो दाबा.’

‘शेअर?’

‘हो, शेअर. आता खाली सरकवा, आणि ‘ॲड टू होम स्क्रीन’…’

‘झालं,’ आजी म्हणाल्या.

‘इतक्यात?’

‘केलं शेअर. माहेरच्या ग्रुपवर, सासरच्या ग्रुपवर आणि मंगळवारच्या गीतापठणाला.’

वेबची थोरवी त्या रात्री कळली. पान सगळीकडे चालत होतं. सांगलीत तर फारच छान चालत होतं. सकाळी खजिनदारांचा फोन आला तो कापऱ्या आवाजात. महाप्रसादाला नोंदवलेली पानं एका रात्रीत दुप्पट झाली होती. मोदक करणाऱ्या काकूंनी आकडा ऐकून राजीनामा देऊ केला. आम्ही यादी तपासली. पोस्टकोडच्या रकान्यात ओळीने ४१६४१६. आजींनी सांगलीला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

‘अगं, तुम्ही येणार नाही आहात, मग ‘येणार’वर बोट का लावलंत?’

‘खाली ‘येणार नाही’ असं होतं,’ पलीकडून आवाज आला. ‘बाप्पाला नाही कसं म्हणायचं?’

रकान्यात ब्रिटिश पोस्टकोडच हवा, अशी सुधारणा त्या संध्याकाळी झाली. त्यानंतर हॉलवाल्याने कळवलं की अकराऐवजी दहाला या, दुपारी तिथे झुंबाचा वर्ग आहे. पानावर वेळ बदलली. अर्ध्या लोकांना दहा दिसायला लागले आणि अर्ध्यांना अकराच. नेटवर्क नसताना उघडावं म्हणून पान फोनमध्ये एक जुनी प्रत जपून ठेवतं, आणि बरेच फोन त्या प्रतीला चिकटून राहिले होते. पुढचे दोन दिवस उपसमिती लोकांना ‘रिफ्रेश करा’ सांगत होती आणि लोक ‘केलं’ म्हणत होते. ‘तुझ्या ॲपवर किती वाजलेत?’ असं एकमेकांना विचारायची वेळ आली. शेवटी व्हॉट्सॲपवर ‘दहा’ असा एकच शब्द टाकला. त्याखाली सतरा जणांनी विचारलं, ‘सकाळी का?’

वेबचा जनक टिम बर्नर्स-ली हा लंडनचाच माणूस. वेब त्याने जगाला फुकट देऊन टाकली. २०१२ च्या ऑलिंपिकच्या उद्घाटनात तो स्टेडियमच्या मधोमध संगणकापुढे बसला आणि ‘हे सर्वांसाठी आहे’ असा संदेश टाकला, तो प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर दिव्यांनी उमटला. आमच्याकडे तेव्हा टीव्हीसमोर बसलेल्या अर्ध्या आयटीवाल्यांनी ‘हा कोण?’ असं विचारलं होतं. त्याने ‘सर्वांसाठी’ म्हटलं तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे सांगली होती का, हे विचारायला हवं.

चतुर्थीचा दिवस उजाडला. पान चाललं, निरोप पोचले, बहुतेक लोक दहालाच आले. गुरुजी, जे एरवी वोकिंगला डेटा सेंटरमध्ये रात्रपाळी करतात, वेळेआधी सोवळं नेसून तयार होते. चौरंग मांडला, पाच विडे मांडले, प्रत्येकावर सुपारी आणि एक पौंडाचं नाणं. फक्त मूर्ती नव्हती. मूर्ती अध्यक्षांच्या गाडीत होती आणि अध्यक्ष गाडीतळावर.

इथल्या गाडीतळांबद्दल आम्हा मंडळींना वेगळं सांगायला नको. एका गावाला एक पार्किंग ॲप, नदी ओलांडली की दुसरं, देवदर्शनाला गेलं की तिसरं. एक ना धड भाराभर चिंध्या. २०२३ मध्ये एका मंत्र्याने नगरपालिकांना लेखी विनंती केली की वृद्धांचा विचार करा, नुसत्या ॲपवर सोडू नका. कुठलंही एक ॲप कुठल्याही तळावर चालावं म्हणून नॅशनल पार्किंग प्लॅटफॉर्म उभारण्याचं काम २०१९ पासून चाललं आणि २०२५ मध्ये ते उद्योगाच्या हाती दिलं. तो आमच्या हॉलशेजारच्या तळापर्यंत अजून यायचा होता. तिथल्या फलकावर एक ॲप होतं, एक क्यूआर कोड होता, आणि दंडाची रक्कम सगळ्यांत मोठ्या अक्षरांत होती.

मी धावत गेलो. मागच्या सीटवर बाप्पा, पट्टा लावलेले. पुढे अध्यक्ष, घामाघूम.

‘हे म्हणतंय, तुमच्या फोनवर हे ॲप चालत नाही. फोन जुना आहे म्हणे!’ मग ज्या माणसाने महिनाभर आमचं डोकं खाल्लं होतं तो फलकाकडे बघून ओरडला, ‘यांची साधी वेबसाइट नाही का?’

माझा फोन नवा होता, सुप्रभाताची फुलं पुसून जागाही केली, पण ऐंशी मेगाबाइटचं ॲप उतरवायला सिग्नलची एकच काडी होती, तीही उभी-आडवी होत होती. फलकावर फोन नंबर होता. अध्यक्षांनी लावला. यंत्राने गाडीचा नंबर सांगायला सांगितलं.

‘आर फॉर रत्नागिरी,’ अध्यक्ष म्हणाले. ‘के फॉर कोल्हापूर.’

यंत्राने पुन्हा सांगण्याची विनंती केली.

‘को-ल्हा-पूर!’

यंत्राने फोन ठेवला.

तेव्हा कुत्रा फिरवायला आलेल्या एका म्हाताऱ्या इंग्रज बाईंनी कुंपणापलीकडे, रिसायकलिंगच्या डब्यांमागे बोट दाखवलं. तिथे नाण्यांचं जुनं यंत्र होतं. दिवसभराचे पाच पौंड. आणि हॉलमध्ये जमलेल्या दोनशे मराठी माणसांच्या खिशांत मिळून एकही नाणं निघालं नाही. सगळ्यांकडे कार्डं, घड्याळं, फोन. खजिनदारांचं पाकीट तर घरीच होतं, तसं ते प्रत्येक कार्यक्रमाला घरीच असतं.

गुरुजींनी काही न बोलता पाची विड्यांवरची नाणी उचलून माझ्या हातात दिली.

पावती काचेत लागली, बाप्पा आत आले, चौरंगावर बसले. पूजा सुरू झाली आणि दक्षिणेपाशी अडली. अध्यक्ष रिकाम्या विड्यांकडे बघत राहिले. ‘गुरुजी, आता यावर काय ठेवू?’

‘अक्षता वाहा,’ गुरुजी म्हणाले. ‘जे नसेल त्याच्या जागी अक्षता. शास्त्रात सोय आहे.’

अध्यक्षांनी अक्षता वाहिल्या. मागून खजिनदारांनी वाकून माझ्या कानात विचारलं, ‘त्या पाच पौंडांची पावती कोणाच्या नावे फाडू?’